ठकूची ओळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हाची घरं पडली, त्यांच्या दगडांची दुसरी घरं झाली, तीही पडली, इतकी जुनी. कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या. ही गोष्ट सांगताना मध्येच उठून कुणी पाणी मागितलेलं मला आवडत नाही. का, ते शेवटी तुमचं तुम्हालाच कळेल.

मोरणी नदीच्या काठावर उंबरदरा नावाचं गाव आहे. मोरणीला नदी म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. एरवी तिथे नुसती वाळू असते आणि वाळूच्या पोटात पाणी. उन्हाळा आला की लोक वाळूत खड्डा घेत, त्यात पाणी झिरपू देत आणि सकाळी भरून नेत. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. गावात जितक्या जाती तितके झिरे. वरच्या अंगाला पाटलाच्या भावकीचा, त्याच्याखाली इतर कुणब्यांचा, मग धनगरांचा, आणि अगदी खाली, जिथे गुरं उतरत त्याच्याही खाली, महारवाड्याचा. पाणी सगळ्यांना एकाच वाळूखालून यायचं. हे दिसत सगळ्यांना होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

या गावात सिदू कोळी आणि त्याची बायको ठकू राहत. गावाला पाणी घालणं हे सिदूचं काम. रेड्याच्या पाठीवर पखाल, म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, टाकायची, ती नदीवर भरायची आणि पाटलाच्या घरी, देवळात, चावडीत रिकामी करायची. माणूस मुलखाचा अबोल. त्याच्या वाटणीचं ठकू बोलते, असं गाव चेष्टेनं म्हणे, आणि ठकूला ते कबूल होतं. नवस करून करून दोघं थकली आणि मग त्यांना मुलगी झाली. तिचं नाव तानी. दुधाचे दात पडायला लागले तरी ती बापाबरोबर रेड्यावर बसून हिंडायची आणि दारादारात उभ्या असलेल्या बायकांची नावं घेऊन चौकशी करायची. ठकूचा जीव त्या पोरीत होता. सिदूचाही होता, पण तो बोलून दाखवत नसे.

मग दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस आला नाही, लोक म्हणाले पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षीही आला नाही. तेव्हा ज्यांच्या पायात बळ होतं ते गाव सोडून गेले, आणि ज्यांच्या पायात नव्हतं किंवा ज्यांना जायला ठिकाणच नव्हतं ते राहिले. विहिरी आटल्या. झिरे एकामागून एक आटले, आधी महारवाड्याचा, मग धनगरांचा, आणि शेवटी पाटलाचाही. सिदूचा रेडा नदीच्या वाटेवरच बसला तो उठला नाही. त्या दिवशी तानीनं आख्ख्या गावाला ऐकू जाईल असा गळा काढला होता.

रेडा गेल्यावर सिदू एकटाच नदीत गेला आणि वाळूवर कान टेकून पडून राहिला. सकाळी पडला तो सावल्या लांबल्या तरी उठला नाही, असं म्हणतात. वाळूखालून पाणी जातंय त्याचा आवाज तो ऐकत होता. मग तो उठला आणि जिथे कुणाचाच झिरा नव्हता अशा जागी खणायला लागला. गावातल्या चार धडधाकट माणसांनी हात लावला. खड्डा सिदूच्या खांद्याइतका खोल झाला तेव्हा तळाची वाळू ओली झाली, आणि उजाडेपर्यंत तिथे पाणी साचलं.

पाणी होतं, पण थोडं होतं. गावचे पाटील रंगोजी. ते म्हणाले, “सिदूनं वाटावं. कामच हाय त्येचं.” पाटलांच्या मनात असं, की आधी आपल्या घरच्या घागरी भरतील, मग बाकीच्यांचं बघता येईल. पिढ्यानपिढ्या तसंच होत आलं होतं.

सिदूनं देवळातून नारळाची एक मोठी नरोटी आणली, घासून घासून गुळगुळीत केली आणि खड्ड्यात उतरून उभा राहिला. “काठावर गर्दी करू नगा,” तो म्हणाला, “वाळू हाय, बसंल खाली. लांब वळीनं बसा. ज्येची पाळी त्येनंच म्होरं यायचं. सकाळी एक नरोटी, सांजला एक. जितकी तोंडं तितक्या नरोट्या.” आयुष्यात एका दमात एवढं तो कधी बोलला नव्हता. पाटलाचा गडी घागरी घेऊन आला होता. घरात जितकी माणसं तितक्या नरोट्या मोजून सिदूनं एका घागरीच्या बुडाशी पाणी घातलं आणि पुढच्याला हाक मारली.

गुरव आला. तो म्हणाला, “देवाला अभिषेकाला घागर लागते.”

“देव येकच हाय न्हवं?” सिदूनं विचारलं.

“एकच.”

“मग येक नरोटी.”

लोक हसले. गुरवाला राग आला, पण त्यानं नरोटी घेतली. महादेवानं सबंध दुष्काळ एका नरोटीवर काढला आणि त्याची काही तक्रार आली नाही.

हसू तिथेच थांबलं. महारवाड्यातली माणसं लांब तरवडाच्या झुडपांपाशी उभी होती. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर मिळेल म्हणून आलेली. त्यांच्यात भागा नावाची म्हातारी होती, कडेवर नातू होता. सिदूनं खड्ड्यातून मान वर काढून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भागाई, तकडं का हुबी? वळीत बसा.”

रंगोजी पाटील पुढे आले. “सिदू, हे तुला कुनी सांगितलं?”

सिदूनं बराच वेळ विचार केला. “कुनी न्हाय.”

“मग?”

“समदी सारकीच की, पाटील.”

“कशावरनं?”

सिदूनं ओळीकडे बघितलं. कुणी उंच होतं, कुणी पाठीत वाकलेलं. कुणाच्या कानात सोनं होतं, कुणाच्या अंगावर धड चिंधी नव्हती. दोन माणसं सारखी दिसतील म्हणून तो शोधत राहिला आणि त्याला तशी सापडली नाहीत. “दिसत तर न्हाईत,” तो म्हणाला, “पन हायेत.”

याला काही उत्तर म्हणतात का? पण तहान मोठी होती आणि नरोटी सिदूच्या हातात होती. लोक कुरकुरले, सरकून बसले, आणि भागा ओळीत बसली. पाणी कुणी शिवलं, कुणामुळे बाटलं याची गावभर चर्चा झाली. संध्याकाळी सगळे पुन्हा ओळीत होते.

आता गावाची चूक ऐका. कुणी सांगितल्याशिवाय कुणी असं करील, हे गावाला पटेना. देवानं दृष्टांत दिला म्हणावं तर माणूस भजनाला जात नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की नदीत साती आसरा राहतात, पाण्याच्या देवता, त्याच याच्याशी बोलल्या असणार. तो वाळूवर कान लावून पडला होता तो काय उगाच? मग एका बाईनं सांगितलं, की तिनं वाळूत ओल्या पावलांचे माग बघितले, बायकांची पावलं, आणि माग झिऱ्यापाशी येऊन बुडाले. मग या बोलण्याला शेपूट फुटलं. आसरांनी सिदूला बजावलंय, ज्या दिवशी कुणाला थेंब कमी-जास्त होईल त्या दिवशी पाणी परत जाईल.

सिदू म्हणायचा, “मला कुनी भेटलं न्हाय.” लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे, की बघा, सांगायची बंदी आहे बिचाऱ्याला. ठकूला हसू यायचं. “आसरा कशाला येतील ह्येच्याकडं? सकाळी काय इचारलं तर ह्यो दुपारी जबाब द्येतो.” पण तिनं ते फार वाढवलं नाही. भीतीनं का होईना, ओळ सरळ राहत होती, आणि ठकूला तेवढा व्यवहार कळत होता. भीतीचा थोडा हातभार, बाकी ओळ सिदूमुळेच चालली आहे असं तिला वाटायचं. खरं तर ती आसरांच्या भीतीवर चालली होती.

वैशाख आला आणि पाणी खाली गेलं. सिदू खड्डा खोल करत गेला, शेवटी तो त्याच्या डोक्यावर गेला. लोकांना काठावर पालथं पडून हात खाली सोडावे लागत. गावात हगवण आली. म्हातारी माणसं गेली, मग लहान पोरं जायला लागली. भागाचा नातू गेला. त्या दिवशीही ती ओळीत येऊन बसली, आपली नरोटी घेतली आणि निघून गेली. दुसरी तिनं मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी तानी आजारी पडली.

ठकूनं आपल्या वाट्याचं पाणी तिला पाजलं. सिदूनंही आपल्या वाट्याचं पाजलं. ते त्याचं होतं, ते द्यायला त्याची ना नव्हती. तो स्वतः ओला गोटा तोंडात धरून खड्ड्यात उभा राहायचा. पण पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. तिचे डोळे आत गेले, ओठांना भेगा पडल्या. एका सकाळी ठकू तिला उचलून नदीवर घेऊन आली, पाळीपर्यंत ओळीत बसली आणि पाळी आल्यावर काठावर गेली. सिदूनं तानीची नरोटी दिली. ठकूची दिली. ठकूनं दोन्ही पोरीला पाजल्या आणि हात पुन्हा खाली सोडला.

“अजून येक.”

सिदूनं नरोटी भरली आणि ती भरलेली नरोटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. ओळीतून कुणीतरी म्हणालं, “दे की रं, ल्येक हाय तुजी.” लगेच दुसऱ्यानं त्याला दाबलं, “आन पानी ग्येलं म्हंजी? आसरा इसरला व्हय?” पुढची पाळी भागाची होती, तीही मडकं घेऊन काठाशी आली होती. सिदूनं वर बघितलं तेव्हा त्याला दोघींची तोंडं दिसली. नरोटीतलं थोडं पाणी सांडलं. त्यानं नरोटी पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाच्या मडक्यात ओतली.

ठकू पोरीला घेऊन घरी आली. तानी पाणी मागत होती तोवर ठकूला धीर होता. दुपारी तिनं मागणं सोडलं. उन्हं कलायच्या आत ती गेली.

पोरीला माती देऊन आल्यावर दोघं दारात बसली. ठकूच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, यायला अंगात पाणी हवं ना. मग ती बोलली.

“तुमास्नी कुनी सांगितलं न्हवतं.”

“न्हाय.”

“द्येवानं न्हाय, आसरांनी न्हाय, बापानं न्हाय.”

“न्हाय.”

“द्येवानं सांगितलं असतं तर म्या द्येवाला शिव्या दिल्या असत्या. तुमी मला शिव्या द्यायलाबी कुनी ठिवला न्हाय.”

“मग मला दे,” सिदू म्हणाला.

तिनं दिल्या. सगळ्या देऊन झाल्यावर तिनं विचारलं, “समदी सारकी, हे तुमी कवा डोळ्यानं बगितलंय?”

“न्हाय.”

“न बगितलेलं मानायचं आन त्येच्यापायी लेकरू घालवायचं. गुरवाचा द्येव बरा. त्यो नारळावर भागतो.”

सिदू म्हणाला, “आसंल. द्येवच आसंल त्यो. मला त्येचं नाव ठावं न्हाय.” मग म्हणाला, “म्या दुसरी भरली हुती, ठके. तुला द्यायलाच भरली हुती. मग भागा दिसली. तिचा नातू ग्येला तवा तिनं मागितली न्हवती. तुला दिली असती तर भागा तुज्यापक्षा कमी आई हाय, असं झालं असतं. ते मला म्हनता आलं न्हाय.”

ठकू उठून आत गेली. त्यानंतर ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. गावाला ते फार भयाण वाटलं, कारण त्या घरातून नेहमी तिचाच आवाज ऐकू यायचा.

रंगोजी पाटलांचा मुलगाही खाटेवर होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पाटलांना नुसता वाईट माणूस करून टाकणं सोपं आहे. एकुलता एक मुलगा, मिसरूड फुटू लागलेला. पाटलांजवळ गडीमाणसं होती, काठ्या होत्या, झिरा केव्हाही ताब्यात घेता आला असता. आसरांच्या भीतीनं त्यांचा हात अडला होता. पाणी परत गेलं तर मुलगा तसाही मरणार. ते ठकूच्या दारात आले आणि कधी नव्हे ते खाली जमिनीवर बसले.

“ठकू, तुजी ग्येली. माजा जाईल. येवढं येक खरं सांग. त्येला आसरा भेटल्या का?”

ठकू उंबऱ्याजवळची माती बोटानं उकरत राहिली.

“उद्या वळीत समद्यांम्होरं म्या इचारीन. तानीची आन हाय तुला. खरं काय त्येच सांग.”

पाटील गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. खोटं बोलली तर ओळ टिकणार होती आणि पाटलाचं पोर आपल्या तानीसारखं जाणार होतं. खरं बोलली तर ज्यांच्या हातात काठ्या त्यांचं पाणी होणार होतं, आणि भागासारखी माणसं वाळू चाटत मरणार होती. आणि हेही खरं, की तिला सिदूवर सूड हवा होता. ज्या गोष्टीनं आपली पोर खाल्ली ती गोष्ट मोडलेली तिला बघायची होती. तिच्या मनात यातलं काय जास्त होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी सगळे ओळीत बसले. सिदू खड्ड्यात होता, नुसते हात वर दिसत होते. पाटलांनी उभं राहून विचारलं, “ठकू, तुज्या नवऱ्याला आसरांनी सांगितलं का, हो का न्हाय?”

ठकू उभी राहिली. “न्हाय,” ती म्हणाली. “आसरांनी न्हाय. कुनीच न्हाय. त्येच्या मनानं त्यो वाटतो.”

सगळे सिदूच्या बोलण्याची वाट बघत राहिले. खड्ड्यातून त्याचा आवाज आला, “खरं बोलली.”

हे त्याचे शेवटचे शब्द. त्यानंतर लोक उठले. पाटलाचे गडी काठ्या घेऊन पुढे झाले, त्यांच्या आधी पाणी गाठावं म्हणून कुणबी धावले, त्यांच्यामागून धनगर, आणि महारवाड्यातली माणसंही धावली, का धावू नयेत? सगळं गाव एकदम झिऱ्याच्या काठावर आलं. सिदूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वाळू बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही. खड्डा होता तिथे एक खळगा राहिला आणि त्यात सिदूही नव्हता, पाणीही नव्हतं.

पहिल्यांदा ठकूनं गुडघ्यांवर बसून वाळू उपसायला घेतली. मग भागा आली. मग पाटलांनी पागोटं फेकलं आणि हातांनी उपसायला लागले. कुणाचा हात कुणाला लागतोय, कोण कुणाच्या अंगावर पडतंय, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. तापलेल्या वाळूनं बोटं सोलली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सिदू हाताला लागला. त्याच्या तोंडात वाळू भरली होती आणि मुठीत नरोटी होती. त्याला बाहेर काढला आणि तो निजला होता त्या जागी पाणी आलं. आदल्या दिवसापेक्षा जास्त आलं, गार आणि नितळ, असं म्हणतात.

गुरवानं वाळूवर डोकं टेकलं. पाटील हात जोडून ठकूपुढे उभे राहिले. “आमचं चुकलं. आसराच हुत्या. कोपल्या. तू हो म्हन, आमी मरंस्तोवर वळीत बसू.”

बघा, नुसतं हो म्हणायचं होतं. गाव तिच्या मुठीत आलं असतं. सिदूचा देव झाला असता, ती देवाची बायको झाली असती, आणि पाणीही नीट वाटलं गेलं असतं.

ठकूनं नवऱ्याच्या तोंडातली वाळू बोटानं काढली. त्याचे डोळे मिटवले. “आसरा न्हवत्या,” ती म्हणाली. “येवडी मानसं काठावर आली की वाळू बसायचीच. त्येनं तुमाला सांगितलं हुतं.”

“मग पानी कसं आलं?”

“तुमी खोल खनलं म्हनून.”

पाटलांचा चेहरा पडला. “कुनी सांगितलं न्हाय, कुनी कोपत न्हाय,” ते म्हणाले, “मग आमी वळीत बसावं का म्हून?”

“मला ठावं न्हाय,” ठकू म्हणाली. “नका बसू.”

तिनं सिदूच्या मुठीतून नरोटी सोडवून घेतली, खड्ड्यात उतरली, नरोटी भरली आणि ती धरून उभी राहिली. कुणाला बोलावलं नाही, कुणाला अडवलं नाही. पाटलाचे गडी काठ्या घेऊन तसेच उभे होते. त्या खड्ड्यात आता एकटी बाई होती आणि तिच्यामागे कुठलाही देव नव्हता. तिला बाजूला करायला एक हात पुरे होता.

भागा काठापासून लांब जाऊन खाली बसली. तिच्यामागे एक धनगर बसला. मग एकेक करून बाकीचे. सगळ्यांच्या शेवटी, महारवाड्यातल्या माणसांच्याही मागे, रंगोजी पाटील बसले, कारण ओळीत ते सगळ्यांच्या शेवटी आले होते. का बसले, हे मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. काही म्हणतात लाजेनं बसले, काही म्हणतात दमले होते म्हणून. मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, पण इथे आलो की दर वेळी अडखळतो.

पाटलांची पाळी आली तेव्हा ठकूनं त्यांना एक नरोटी दिली आणि त्यांच्या मुलाची एक. पाटलांनी जास्तीची मागितली नाही. मुलगा वाचला नाही. तो वाचला असं सांगणारेही आहेत, पण त्यांना गोष्ट गोड करायची असते.

पाऊस येईपर्यंत ठकूनं पाणी वाटलं. बरीच माणसं मेली, पण तहानेनं मेली ती सगळ्या वस्त्यांतली मेली, एकाच वस्तीतली नाही. आणि बरीच वाचली. सिदूचं म्हणणं तुला पटलं का, असं पुढे लोक तिला विचारायचे. ती म्हणायची, “न्हाय पटलं. म्या काय बगितलं न्हाय अजून. पन त्ये मानल्याबिगर हात चालत न्हाय.” पाणी वाटताना ती तोंडातल्या तोंडात नवऱ्याशी भांडत असायची, असं म्हणतात, आणि नरोटी मात्र काठोकाठ भरलेली असायची.

गावानं सिदूच्या नावाचा दगड नदीकाठी उभा केला आणि त्याला शेंदूर लावला. ठकूनं दुसऱ्या दिवशी जाऊन तो खरवडून काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. “शेंदूर लावला की तुमी म्हननार, त्येला सांगितलं हुतं,” ती म्हणायची. म्हातारी होऊन मरेपर्यंत ती त्या दगडावर नजर ठेवून होती. तो दगड आजही कोराच आहे.

उंबरदऱ्यात आता नळ आलेत. तरी वैशाखात एका सकाळी सगळं गाव वाळूत उतरतं, झिरा खणतं आणि ओळीत बसतं. जो आधी आला तो आधी. याला ठकूची ओळ म्हणतात. गावातली एखादी आई नरोटी घेऊन खड्ड्यात उतरते आणि मोठ्यानं विचारते, “कुनी सांगितलं?” ओळीतली लहानथोर सगळी म्हणतात, “कुनी न्हाय.” दुसरं काही म्हणायचं नसतं. मंत्र नाही, आरती नाही. गुरवही ओळीत असतो.

ओळीतली पहिली जागा रिकामी ठेवतात. ती तानीची. तिथे एक नरोटी पाणी वाळूवर ओततात आणि वाळू ते लगेच पिऊन टाकते. मग ती बाई पुढची नरोटी भरते, आणि दर वर्षी, कुठलीही बाई असो, तिचा हात त्याच जागेवर पुन्हा जातो आणि थांबतो. सगळी ओळ त्या हाताकडे बघत असते. मग ती सुस्कारा टाकते आणि ते पाणी शेजारच्याला देते.